आईला आत घ्या

मुलांच्या वर्तनोपचार केंद्रांत एक रीत पडून गेली आहे. मूल आत, दार बंद, आई बाहेर बाकड्यावर. पाऊण तासानं दार उघडतं, थेरपिस्ट ताई म्हणतात, "आज छान बसला हं," आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं जातं. आईला विचारायचं असतं ते तिच्या ओठांवरच राहतं. ही रीत चुकीची आहे आणि ती बंद झाली पाहिजे.

आठवड्यातून दोनदा पाऊण तास, म्हणजे दीड तास. आठवड्याचे एकूण तास १६८. उरलेल्या वेळात मुलाला उठवणारी, भरवणारी, शाळेच्या रिक्षात कोंबणारी, भर रस्त्यात त्यानं अंग टाकून दिलं की उचलणारी माणसं घरची. मग शिकवायचं कोणाला?

अमेरिकेत ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकापासून घरांमधलं एक चक्र बारकाईनं टिपलं. मूल मागतं, आई नाही म्हणते, मूल आवाज चढवतं, आई देऊन टाकते, रडं थांबतं. मुलाला कळतं की जोर लावला की मिळतं. आईला कळतं की दिलं की घर शांत होतं. दोघं एकमेकांना पक्कं करत जातात आणि दोष कोणाचाच नसतो. हे चक्र तोडायच्या युक्त्या आईबापांना शिकवता येतात, हेही तेव्हापासून माहीत आहे. अतिचंचल मुलांच्या बाबतीत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: वयाची सहा वर्षं पूर्ण होण्याआधी औषधाच्या अगोदर पालकांचं प्रशिक्षण. आपल्याकडे प्रशिक्षणाच्या नावानं हातात एक झेरॉक्स पडते. तीवर लिहिलेलं असतं, 'हट्टाकडे दुर्लक्ष करा.'

करते ती दुर्लक्ष. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर पोरगं कुरकुऱ्यांच्या पाकिटासाठी लोळण घेतं आणि ती शेजारी उभी राहते. पण दुर्लक्ष सुरू केलं की हट्ट आधी वाढू शकतो, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. इतके दिवस चाललेला उपाय आज का चालत नाही, म्हणून मूल दुप्पट ओरडतं, चावतं, चपला भिरकावतं. शेजारीण म्हणते, "काय वळण लावलंय!" दुकानदार म्हणतो, "द्या ना ताई, पोर रडतंय." मागून आजोबा येतात आणि खिशातून दहाची नोट काढतात. झालं. नऊ वेळा नाही आणि दहाव्यांदा हो, असं उत्तर मिळालेलं मूल सगळ्यात चिवट मागतं. आठवडाभराची मेहनत त्या पाकिटात गेली.

त्या संध्याकाळी तिला फोनवर एक माणूस हवा असतो. "वाढला ना? वाढतो असा कधीकधी. थोडे दिवस टिका, मग ओसरेल," एवढं सांगणारा. आणि दुर्लक्ष हा अर्धाच भाग आहे, हे सांगणारा. पोरगं दुकानावरून हात धरून गुमान चालत आलं, त्या क्षणी "माझा हात धरून आलास, मला आवडलं" हे म्हणणं जास्त महत्त्वाचं. ते तिथल्या तिथे म्हणायचं असतं. शिवाय आजोबांना एकदा केंद्रात बोलावून हे सगळं करून दाखवायला हवं. बाबांनाही, "ऑफिस असतं" हे कारण पुरे झालं.

एवढी माणसं आणायची कुठून, असं विचारणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे बघावं. तिथे 'संगाथ' या संस्थेमार्फत आणि त्याच अभ्यासात पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांची ६५ कुटुंबं सहभागी झाली. अहवाल २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात आला. बैठका बारा, मुदत सहा महिने. बैठका घेणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले होते. आई मुलाशी खेळतानाची चित्रफीत काढायची, मग तिच्यासोबत बसून ती बघायची. इथे तुम्ही थांबलात आणि त्यानं तुमच्याकडे बघितलं, दिसलं का? आईबाप मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळ्या मोजमापांत सुधारणा दिसली नाही, हेही अभ्यासात नोंदलेलं आहे. पण जे घडलं ते आईला आत घेतल्यानं घडलं.

यंत्रणाही आहेच. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि विकासात मागे पडणाऱ्यांसाठी जिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ही त्याची रचना. त्या प्रत्येक केंद्राच्या वेळापत्रकात पालकांसाठी ठरलेला तास हवा. मूल लाडावलंय, आई नोकरी करते म्हणून बिघडलंय, हे ऐकवणारे गावभर आहेत. केंद्रात तरी तिला ते ऐकावं लागू नये.

तुमच्या मुलासाठी केंद्र शोधत असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: मला आत बसू देणार का? घरी काय करायचं ते माझ्याकडून करून घेणार का? अडले तर फोन उचलणार का? उत्तर टाळलं, तर पावती फाडू नका. दुसरं केंद्र बघा.