बघायचे पैसे

डॉक्टरांनी जीभ बघून पाचशे रुपये घेतले तर आपण निमूट जीपे करतो. प्लंबरने बाथरूम बघून तीनशे मागितले की मात्र आपल्या आवाजाला धार येते. ‘अहो, केलंत काय? नुसतं बघितलंत!’

प्लंबर काही खुळा नसतो. बघायचे पैसे मिळत नाहीत हे त्याला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळतं. म्हणून तो बघत नाही. येतो, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन टाइल्स ठोकतो, कान लावल्यासारखं करतो आणि निकाल देतो, ‘साहेब, फोडावं लागेल.’ फोडायचे पैसे मिळतात. डेब्रिज खाली न्यायचे मिळतात. तशी टाइल आता बाजारात येत नाही म्हणून अख्खी भिंत नवी करायचे तर उत्तमच मिळतात. पुढच्या पावसाळ्यात ओल त्याच कोपऱ्यात हजर असते आणि आपण नवा प्लंबर बोलावतो. तोही ठोकतो.

खरी तपासणी कशी असते, हे म्हणूनच फार कमी घरांनी पाहिलंय. ती दिसायला अगदी कंटाळवाणी असते. जाणता माणूस आधी पिशवी उघडत नाही, तोंड उघडतो. ओल कधी वाढते? दिवसरात्र, बारा महिने सारखीच असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे गच्चीतल्या टाकीपासून नळापर्यंत आलेल्या पाइपवर. तिच्यात पाणी कायम भरलेलं, त्यामुळे गळती सुट्टी घेत नाही. आंघोळी आटोपल्या की वाढते आणि गावाला जाऊन आलं की सुकलेली असते? मग निचऱ्याची लाइन, नाहीतर लादीखालचं वॉटरप्रूफिंग. आणि फक्त जून ते सप्टेंबर? मग बहुधा बाहेरच्या भिंतीला भेग आहे. हे सांगून जो आपली पिशवी उचलून निघाला, त्या माणसाचा नंबर जपून ठेवावा. त्याने आत्ताच एका बाथरूमच्या कमाईवर पाणी सोडलंय.

प्रश्न संपले की चाचण्या. दाबाच्या लाइनला हातपंप आणि काटा लावतात, नळ सगळे बंद, दाब चढवतात आणि काट्याकडे बघत बसतात. टाकीपासून खाली दर दहा मीटरला साधारण एक किलो दाब, हा हिशेब पक्का. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर रडतो आणि तळमजल्यावर धबधबा असतो. काटा तासभर जागचा हलला नाही तर ती लाइन निर्दोष, भिंत फोडायचं कारण नाही. लादीखालच्या वॉटरप्रूफिंगसाठी न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये इंच-दोन इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवतात आणि खालच्या घरात छताकडे बघतात. ‘चोवीस तास आंघोळ कुठे करायची?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. महिनाभर फोडकाम चाललं तेव्हा शेजाऱ्यांकडे बादली घेऊन गेलेले लोकच तो विचारतात.

फ्लशची चाचणी फुकट आहे. टाकीत खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतला रबर गेला. नळाचंही तसंच. थेंब पाव मिलिलिटरचा धरला आणि सेकंदाला एक पडला, तर दिवसाला एकवीस-बावीस लिटर होतात. शहरात माणशी १३५ लिटरचं मानक धरतात; त्यातला सहावा-सातवा हिस्सा एक वायसर पिऊन टाकतो. पण त्याची आपल्याला झळ नाही. बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचा मीटर एकच, आणि आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च सभासदांत वाटला जातो तो नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून, वापर बघून नव्हे. थेंब माझा, बिल सगळ्यांचं. सहकार तो हाच.

मग डक्ट. इमारतीची सगळी खरी माहिती डक्टमध्ये असते आणि तिथे कुणी वाकून बघत नाही, कारण तिथे कबुतरं असतात. आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये एकदा टॉर्च मारला, तर उभ्या ड्रेनेज पाइपच्या जोडातून पिंपळ उगवलेला, चांगला हातभर, पानं लकाकत होती. त्याच्या मुळ्या पाइपच्या आत होत्या. खतपाणी तीन मजले मिळून घालत होते. त्या तिन्ही घरांनी बाथरूमच्या लाद्या मात्र बदलून घेतल्या होत्या.

तपासणीतला सर्वांत अवघड सांधा पाइपमध्ये नसतो, वरच्या मजल्यावर असतो. ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे,’ असं वरचे सांगतात. असणारच. पाणी खाली गेलंय. तक्रार आल्यावर पूर्वसूचना देऊन सेक्रेटरी एका कमिटी मेंबरला सोबत घेऊन घरात येऊन पाहणी करू शकतात, अशी सोय उपविधींत आहे. संडास, सिंक यांची घरातली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची, बाहेरच्या भिंती आणि गच्ची सोसायटीची, हेही लिहिलेलं आहे. म्हणून तर गळती नेमकी कुठली, हे कळू नये यासाठी वरचे आणि सोसायटी दोघेही झटत असतात. लागलाच शोध, तर कुणाला तरी चेक फाडावा लागेल. न लागला तर नुसती सर्वसाधारण सभा होते, वडापाव असतो.

तपासणी झाल्याची खूण एकच: हातात कागद येतो. कुठली लाइन तपासली, कशी, किती वेळ, काटा कुठे होता, काय फोडायचं आणि मुख्य म्हणजे काय फोडायचं नाही. जुने जीआय पाइप असतील तर गंज कुठवर आलाय तेही. सकाळच्या पहिल्या बादलीत तांबूस पाणी आलं की तो आतून पोचलाच आहे. ‘सगळी लाइन खराब आहे साहेब’ हे तोंडी वाक्य म्हणजे तपासणी नव्हे, ते कोटेशन आहे.

परवा आमच्याकडे असा एक दुर्मीळ कारागीर आला होता. पंप, काटा, टॉर्च, सगळं घेऊन. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना त्याने आधीच सांगितलं, शोधायचे हजार रुपये, दुरुस्तीचे वेगळे. गृहस्थ अवाक झाले. ‘हजारात तर दोन नवे नळ येतात!’

आणले त्यांनी. चांगले आहेत, चकचकीत. खालच्यांच्या छताचा पोपडा काल पडला.