लाव्हारसाची भाऊबंदकी

प्रस्तुत लेखकाला यवतमाळात कुणी थोर प्रवासी म्हणत नाही, यात यवतमाळचंच नुकसान आहे. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाचा नकाशा त्याला तोंडपाठ आहे. तीन हजार मीटरहून उंच पितों दे नेज, वारंवार उसळणारा पितों द ला फुर्नेझ आणि मधल्या डोंगरातल्या तीन अजस्र दऱ्या: सिलाओस, सालाझी, माफात. माफातला मोटाररस्ताच नाही. तिथल्या वाड्यांवर पायी जायचं, नाहीतर हेलिकॉप्टरनं. किराणासुद्धा आकाशातून उतरतो. हे सगळं तो चहाच्या टपरीवर नाकातल्या फ्रेंच उच्चारांसकट सांगतो. बेटावर तो अजून गेलेला नाही, पण डोंगर चढायचे महागडे जोडे घेऊन झालेत. म्हणजे निम्मा प्रवास उरकलाच.

शिवाय हे बेट त्याच्या हिशेबानं परकं नाहीच, नात्यातलं आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर ओतणारा तप्तबिंदू आज रेयुनियनखाली धगधगतो आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचं भूखंड त्याच्यावरून उत्तरेला सरकत आलं. मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी रांग लागली. यवतमाळचा काळा दगड थोरला, रेयुनियन शेंडेफळ. मधल्या मॉरिशसकडे मराठी माणसं एकोणिसाव्या शतकातच जाऊन राहिली. धाकट्याकडून मात्र थोरल्याला अजून साधं बोलावणं नाही.

आता थोरल्याचा विषय निघालाच आहे, तर काळ्या मातीबद्दल बोललंच पाहिजे. (लेखकाच्या घरी या विषयाला बंदी आहे.) बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. पहिल्या पावसानंतर वावरात पाऊल टाकावं, तर ती तळव्याला धरते. दहा पावलांत माणसाची उंची वाढते आणि विसाव्या पावलाला माणूस पुढे, चप्पल मागे. महागड्या जोड्यांच्या तळाला खोल खाचा असतात. मातीची तर तिथे चंगळच. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात, की पोरांचा चेंडू गेला तर पावसाळ्याशिवाय आशा नाही. घराचा पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंती तडकतात. लेखकाच्या घराचं एक दार पावसाळ्यात लागत नाही आणि उन्हाळ्यात नुसतं खडखडतं. तो त्याला भूगर्भीय हालचाल म्हणतो, गवंडी त्याला कंजुषी म्हणतो. एका जुलैत तो भरल्या जोड्यांनी ओसरीवर चढला, तेव्हा पत्नीनं एवढंच सुनावलं, "तुमचं रेयुनियन जोड्याले लागून आलं घरात. बाहीर काढा पयले."

आकसून तडकायची ही खोड दगडाचीही. लाव्हारस सावकाश निवताना आकसतो, भेगा खोल उतरत जातात आणि पैलूदार, बहुधा षटकोनी खांब उभे राहतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे 40 हजार खांब आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिलही त्याच जातीची. 2021 मध्ये वणी-पांढरकवडा भागातल्या शिबला-पार्डीला रस्त्याचं काम चालू असताना तसेच खांब उघडे पडले. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे असल्याचं सांगितलं. लेखक लगोलग जोडे चढवून निघाला. वाटेत बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला खालून वर न्याहाळलं. "गोटे पाहाले आले, भाऊ? एवढे जोडे घालून?"

त्याच मुलखात, झरी जामणी, मारेगाव, केळापूरकडे, कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वाड्या, आहेत. तिकडे माफातमध्ये एके काळी पळून आलेल्या गुलामांनी आसरा घेतला. बेटावरची गुलामगिरी 1848 मध्ये संपली आणि 2010 मध्ये तिथली शिखरं, दऱ्या नि कडे युनेस्कोच्या यादीत गेले. आता रस्ता नाही, म्हणून तर जगभरचे हौशी तिथे चालायला जातात. इथे पावसाळ्यात नाला भरला, की काही पोडांवरून बाळंतिणीला बाजेवर घालून आणावं लागतं. या वाटेची पायी सहल म्हणून कुणी जाहिरात करत नाही. टपरीवर माफातच्या बिनरस्त्याच्या वाड्यांचं कौतुक सांगताना लेखकाचा आवाज भरून येतो. तो पोडासाठी कधी भरून आला होता का, असं एकदा कुणीतरी विचारलं. लेखकानं चहाचे पैसे दिले आणि उठला. राग आला होता, आणि तो विचारणाऱ्याचा नव्हता.

पुढे एका पोडावर गेला, तेव्हाही सवय सुटली नाही. बाजेवर बसून त्यानं बेटाची गोष्ट सुरू केली: तप्तबिंदू, दऱ्या, उसाचे मळे, व्हॅनिला. 1841 मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं व्हॅनिलाचं फूल हातानं फळवायची युक्ती शोधली, हेही सांगितलं. घरधन्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ऊस हाय म्हनता. मंग डुकरं?"

लेखकानं रानडुकरांचा अभ्यास केला नव्हता.

"नसतीन, तर बरं हाय तिकडं," घरधनी म्हणाला, आणि रात्री जागलीला कोण जाणार यावर पोरांशी बोलू लागला.