तांत्रिक खंड

रोजगार मार्गदर्शन केंद्र बाहेरच्या संस्थेला चालवायला द्यावं, असं मधूनमधून कुणीतरी सुचवतं. सुचवणाऱ्याची स्वतःची नोकरी कायम असते आणि पेन्शन जुनी असते, त्यामुळे त्याच्या बोलण्याला एक निवांतपणा असतो. माझा या सूचनेला पाठिंबा आहे. किंबहुना सुरुवात वेल्हे तालुक्यापासूनच करावी, असं मी म्हणतो. जिल्ह्याचं केंद्र पुण्यात. केळदच्या नाहीतर घिसरच्या पोराला तिथं जायचं तर आधी वेल्हे, मग मार्गासनी-विंझर करत नसरापूरचा चेलाडी फाटा, मग हायवे. इतकं करून पोचल्यावर त्याला कळतं की नोंदणी मोबाइलवरच करायची असते. मग रेंज शोधायला तो परत डोंगराकडे येतो. तोरणा गडाची उंची १४०३ मीटर आहे. त्यातल्या कितव्या मीटरला रेंज येते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तेव्हा केंद्र वेल्ह्यातच हवं, आणि ते ठेक्यानंच द्यावं. मसुदा मी करून ठेवला आहे. ई-निविदा, दोन लिफाफे, बयाणा रक्कम ऑनलाइन. मागच्या तीन वर्षांतली उलाढाल इतकी हवी की तालुक्यातल्या सगळ्या दुकानांची बेरीज केली तरी कुणी पात्र ठरू नये. काळ्या यादीत नाव नसल्याचं प्रतिज्ञापत्र. सर्वांत कमी दर त्याला काम. शेवटून दुसऱ्या ओळीत ‘स्थानिकांना प्राधान्य’. ज्या संस्थेनं आजवर पार्किंग, झाडलोट, खानावळ आणि वॉचमन पुरवले, तीच रोजगारही पुरवेल. अनुभव दाखवायला फार तर लेटरहेड बदलावं लागेल. ही कलमं झोपेतही लिहिता येतात.

सोळावं कलम मात्र मी जागेपणी लिहिलं: ‘केंद्रात बसणारा रोजगार समन्वयक ठेकेदाराने अकरा महिन्यांच्या करारावर नेमावा. मुदत संपल्यावर तांत्रिक खंड देऊन त्यास पुन्हा नेमता येईल.’

अकराच का, हे मी बऱ्याच जाणत्यांना विचारलं. घर भाड्यानं देताना अकरा महिने लिहितात, ते समजतं. भाडेकरू वर्षभर राहिला तर घर आपलंच समजेल, ही मालकाची जुनी भीती. तीच भीती साहेबाला खुर्चीबद्दल वाटते: बारा महिने बसला तर उठणार नाही. खरं तर औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की सलग वर्ष धरलं होतं, आणि अकरा महिन्यांत ते भरून वर उरतात. म्हणजे खंड देऊन कायदा चुकतो असंही नाही. पण द्यायचा. आधीच्या फाइलीत दिलेला असतो म्हणून पुढच्या फाइलीतही द्यायचा. २०२४ मध्ये तरुणांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, मुदत सहा महिने. पोरं म्हणाली, पुढं काय? २०२५ मध्ये मुदत पाच महिन्यांनी वाढली. सहा आणि पाच किती, तुम्हीच करा. बारा होऊ दिले नाहीत.

आता हा समन्वयक केंद्रात बसलाय असं समजा. टेबल, खुर्ची, पंखा, बाहेर फ्लेक्स. समोर पासलीचा मुलगा. समन्वयक त्याला शिकवल्याप्रमाणे सांगतो, ‘नोकरी बघताना पगारावर जाऊ नको. कंपनी कायम करते का बघ, पीएफ कापतात का विचार, कराराचा कागद घे.’

मुलगा विचारतो, ‘सर, तुमचा पीएफ कापत्यात का?’

समन्वयक टेबलावरची पत्रकं सारखी करतो.

अकरा महिने होतात. समन्वयक कार्यमुक्त. म्हणजे तो आता बेरोजगार झाला आणि नियमाप्रमाणे त्यानं नोंदणी करायला हवी. कुठं? तर याच केंद्रात. पण खिडकीवर बसणारा तोच होता, म्हणून खिडकी बंद. तो बाहेरच्या बाकावर बसतो. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस येतो आणि ही कोंडी मोठ्या मनानं सोडवतो: ‘आत जा, स्वतःचा फॉर्म भर, बाहेर ये.’ फॉर्म भरताना एक घोळ होतो. तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ मध्ये ठरलं, त्याचं आधार वेल्ह्याचं, रहिवासी दाखला राजगडचा, त्यामुळे यंत्र म्हणतं माहिती जुळत नाही, तो आतून बाहेर येऊन स्वतःलाच सांगतो की उद्या या. उद्या जुळतं. नोंदणी झाली. महिना संपतो, ठेकेदार त्याला परत नेमतो. आणि इथं सतरावं कलम कामाला येतं: ‘देयक प्रत्येक यशस्वी नियुक्तीमागे अदा करण्यात येईल.’ एक नोंदणीकृत बेरोजगार होता, त्याला नोकरी लागली. यात खोटं काय आहे? फोटो काढला, अक्षांश-रेखांशासह अपलोड केला, बिल लागलं. मग ठेकेदाराच्या लक्षात येतं की केंद्रात झाडणारी मावशी आहे, वॉचमन आहे, डेटा भरणारा पोरगा आहे. चौघांनाही खंड, चौघांच्याही नियुक्त्या. वॉचमनला डेटावर, डेटावाल्याला समन्वयकावर, समन्वयकाला फाटकावर बसवलं तर त्याला कौशल्यवृद्धी म्हणता येतं, त्याचं वेगळं बिल. आणि अकराच महिने कशाला? तीन महिन्यांचा करार केला तर वर्षाला चौपट नियुक्त्या. महिन्याचा केला तर बारापट. एक दिवस ठेकेदाराला साक्षात्कार होतो आणि तो रोजचाच करार करतो: सकाळी नऊला नियुक्ती, संध्याकाळी सहाला कार्यमुक्ती, रात्रभर तांत्रिक खंड. एका खोलीतली चार माणसं, वर्षाचे तीनशे दिवस, बाराशे नियुक्त्या. तालुक्याचं उद्दिष्ट पूर्ण, तेही उंबरठ्याबाहेर पाय न ठेवता. गुणगौरव सोहळ्यात ठेकेदाराला शाल मिळते. ती घडी करून ठेवायचं काम मावशीला, त्या दिवसापुरतं.

सकाळी नेमायचं आणि संध्याकाळी सोडायचं, ही पद्धत मात्र ठेकेदाराची नव्हे. पुण्यात वारज्याला, कात्रजला मजूर अड्ड्यावर ती रोज पाळली जाते. सकाळी सातला माणसं डबे घेऊन उभी, टेम्पो येतो, ‘चार गवंडी, सहा बिगारी,’ गेले. निविदा नाही, बयाणा नाही, फ्लेक्स नाही. उलाढालीची अट कुणी विचारत नाही. तिथं रोज जेवढ्यांना काम लागतं तेवढ्यांचे फोटो काढले असते तर तो अड्डा एखाद्या परिषदेत ‘यशोगाथा’ म्हणून पडद्यावर दाखवला असता.

नियुक्तीमागे पैसे ही कल्पनाही मी काढलेली नाही. ऑस्ट्रेलियानं १९९८ मध्ये आपली सरकारी रोजगार सेवा गुंडाळली आणि ते काम निविदा मागवून बाहेर दिलं. ब्रिटननं २०११ मध्ये निकाल दाखवा आणि पैसे घ्या अशी योजना आणली. दोन्हीकडे एकच तक्रार झाली: ज्यांना तशीही नोकरी लागली असती ती माणसं ठेकेदारांनी पुढं ओढली, आणि अवघड माणसं रांगेत तशीच उभी ठेवली. आपल्याकडे हे समजायला अभ्यासगट लागणार नाही. सोपा माणूस म्हणजे ज्याचा मामा शिरवळच्या कंपनीत सुपरवायझर आहे तो. नोकरी मामा लावणार, बिल ठेकेदार लावणार. अवघड माणूस म्हणजे वरच्या वाडीतली बारावी झालेली मुलगी. कामावर जायला एसटी एकच आणि तीही ड्रायव्हर आला तर. या मुलीच्या नियुक्तीचा खर्च कुठल्याच दरपत्रकात बसत नाही, म्हणून तिला ‘समुपदेशन सुरू’ या रकान्यात टाकतात. तो रकाना कधी भरत नाही, त्याला मुदतही नाही. अख्ख्या मसुद्यात अकरा महिन्यांची अट नसलेली तेवढी एकच जागा.

आता जरा आवाज चढला तर चालवून घ्या. १९४५ मध्ये या देशात रोजगार कार्यालयं निघाली ती महायुद्धावरून परतणाऱ्या शिपायांसाठी. माणूस लढून आलाय, त्याला काम दिलं पाहिजे, आणि ते सरकारनं बघितलं पाहिजे, एवढी साधी जाण परक्या राज्यकर्त्यांनाही होती. १९५९ चा कायदा तर असा होता की पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेनं रिकामी जागा कार्यालयाला कळवलीच पाहिजे. पण त्याच कायद्यात पुढं लिहिलं होतं की कार्यालयानं पाठवलेल्या माणसाला घ्यायलाच हवं असं काही नाही. कळवा, पण घेऊ नका. साठ वर्षं लोक कार्ड काढून, दर तीन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करून, याच वाक्याच्या अलीकडे थांबले. कार्ड घड्यांवर फाटलं, मुलाखतपत्र आलं नाही. त्यातच १९७० मध्ये कंत्राटी कामगारांचा कायदा आला, त्याच्या नावातच निर्मूलन होतं! बारमाही स्वरूपाचं काम असेल तर तिथं कंत्राटी माणूस ठेवायला सरकार बंदी करू शकेल, अशी त्यात तरतूद होती. मला एकच सांगा, वेल्ह्यातली बेरोजगारी पावसाळी आहे का? भात लावायच्या चार दिवसांत हात अपुरे पडतात तेवढं सोडलं तर ती बारमाहीच आहे. मग तिच्याशी झुंजायला बसवलेला माणूस अकरा महिन्यांचा का?

सप्टेंबर २०२३ मध्ये शासकीय कामासाठी मनुष्यबळ बाहेरून घेण्याचा निर्णय निघाला. माणसं अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी चार ढिगांत लावली होती. आरडाओरड झाली, ऑक्टोबरात निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली, फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्यांत ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक होता, तो कंत्राटी. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा पीएचडी होता, त्याला मेच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पगार नाही. आरोग्य केंद्रातली नर्स होती, करोनात तिच्यासाठी थाळ्या वाजवल्या. तिचा करार अजून दरवर्षी नव्या सहीची वाट बघतो. या सगळ्यांची कामं काय हंगामी आहेत? दाखले हंगामी निघतात? बाळंतपणं आदेश बघून होतात? बारावा महिना हा कॅलेंडरात सगळ्यांसाठी असतो, त्या महिन्यात दूधवाला येतो, शाळेची फी येते, मीटरचं बिल येतं. आणि यांना सांगायचं की हा महिना तुमच्यापुरता तांत्रिक आहे! ज्याला हा शब्द सुचला त्याला एकदा, एकदाच, तांत्रिक जेवण वाढायला हवं होतं.

असो. समोरच राजगड दिसतो म्हणून आठवलं. गडावर हवालदार असे, सबनीस असे, कारखानीस असे. पगार ठरलेला, जबाबदारी ठरलेली, बदल्याही होत. अकरा महिन्यांचा सबनीस मला अजून कुठल्या कागदात सापडलेला नाही. तसा असता तर गडाचं कुलूप कोणत्या दिवशी उघडं असतं, ते शत्रूला पंचांगावरून कळलं असतं.

मसुद्यात म्हणून मी शेवटी एक कलम वाढवलं आहे. तालुक्यातल्या पानशेत आणि वरसगाव धरणांचं पाणी पुण्याला जातं. पानशेत १९६१ च्या १२ जुलैला फुटलं, परत बांधलं, पाणी सुरू झालं. त्यासाठी गावं उठली, भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि वरच्या वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर जातात ते वेगळंच. पाण्याची ही सेवा मात्र तेव्हापासून सलग चालू आहे. तिच्यात कुणी कधी खंड घातला नाही. इतकी वर्षं बारमाही काम करून घेतल्यावर पाण्यानं कायम होण्याचा दावा केला तर पंचाईत होईल. म्हणून पाणीही अकरा महिन्यांच्या करारावर आणावं. बाराव्या महिन्यात दरवाजे बंद, तांत्रिक खंड. महिना कुठला ते ठरवायचा अधिकार तालुक्याला असावा. मे बरा पडेल. नूतनीकरण आपोआप होणार नाही. शहरानं स्वतः वेल्ह्याला येऊन अर्ज करायचा, मागच्या अकरा महिन्यांतली वर्तणूक समाधानकारक असल्याचं प्रमाणपत्र जोडायचं, दोन पासपोर्ट फोटो, आधार आणि रहिवासी दाखल्याची प्रत. कागदावर नदी एक आणि नळ वेगळा असं दिसलं तर माहिती जुळत नाही, उद्या या. खिडकी अकरा ते दोन उघडी असते, समन्वयक खंडावर नसला तर. झेरॉक्स एसटी स्टँडपाशी काढून मिळेल, लाइट असली तर.