पूर्वजन्मीची थकबाकी

पूर्वजन्मीच्या कर्मांचे फळ या जन्मी भोगावे लागते, या सिद्धांताविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे; किंबहुना ज्या शास्त्राने चित्रगुप्तासारखा कधीही रजा न घेणारा आणि कोणाकडूनही चिरीमिरी न स्वीकारणारा कारकून कल्पिला, त्याविषयी सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या माणसास आदर वाटू नये, तर कोणास वाटावा? माझी कुरकुर आहे ती केवळ तेथील कामकाजाविषयी. संचित म्हणजे मागील सर्व जन्मांची एकूण बाकी, प्रारब्ध म्हणजे तीपैकी या जन्मी वसुलीस काढलेला हप्ता, आणि क्रियमाण म्हणजे आपण आज स्वहस्ते नव्याने चढवीत असलेली रक्कम. हिशेबाची ही मांडणी कोणाही फडणीसाने मान डोलवावी अशी आहे, परंतु खतावणी पाहण्याची मुभा तेवढी खातेदारास नाही.

शिक्षांचे कोष्टकही मोठे विलक्षण आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे धान्य चोरणारा पुढील जन्मी उंदीर होतो, दूध चोरणारा कावळा होतो आणि तूप चोरणारा मुंगूस होतो. आता धान्यचोरास उंदीर करणे म्हणजे त्याची कोठारावर कायमची नेमणूक करणे नव्हे काय? आमच्या घरातील तांदळाच्या पोत्यावर असे एक बढती मिळालेले पूर्वगुन्हेगार हल्ली कामावर रुजू आहेत. त्यांची शिक्षा ते मोठ्या आनंदाने भोगीत असून तिचा खर्च मात्र माझ्या नावे पडत आहे.

परंतु या सिद्धांताचे खरे मर्म मला उमगले ते माझ्या एका चुलतभावामुळे. त्याने माझ्याकडून हातउसने रुपये नेले, आणि मी तगादा लावला की 'दादा, पुढल्या महिन्यात' असे म्हणत म्हणत मुदतीच्या कायद्याने दिलेली ३ वर्षे मोठ्या शांतपणे उलटू दिली. त्यानंतर त्याच्या मुद्रेवर वैराग्याची जी प्रभा फाकली, तिचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे. "दादा," तो म्हणाला, "हा सारा ऋणानुबंध. मागल्या जन्मी तुम्हीच माझे देणे लागत असाल!" ऐहिक न्यायालयात मुदतबाह्य झालेला दावा पारलौकिक न्यायालयात तो असा उलट माझ्याच अंगावर ठरवून मोकळा झाला.

या संदर्भात महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कैफियत वाचण्याजोगी आहे. चोर त्यांच्या आश्रमात लपले, ऋषी मौनात असल्यामुळे शिपायांना उत्तर मिळाले नाही, आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढविले. तपोबलाने ते जगले, आणि थेट यमधर्मासमोर उभे राहून त्यांनी आरोपपत्र मागितले. लहानपणी पतंगांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे हे फळ, असा खुलासा झाला. तेव्हा संतापलेल्या ऋषींनी न्यायाधीशासच शाप देऊन विदुराच्या जन्मास घातले, आणि १४ व्या वर्षापर्यंतच्या कृत्याचे पाप लागणार नाही, असा नवा नियम केला. १८६० च्या दंडसंहितेने ही सवलत जेमतेम सात वर्षांखालील मुलांना बिनशर्त दिली, हे पाहता आमचे ऋषी इंग्रजांहून उदार म्हटले पाहिजेत.

पण या सबंध खटल्यात एक गोष्ट सर्वांच्याच नजरेतून निसटली आहे. धड चौकशी न करता एका मौनी माणसाला सुळावर देणारा राजा हात जोडून क्षमा मागता झाला आणि सुटला. त्याच्या शिपायांना तर कोणी नावदेखील विचारले नाही. आणि सारी तपासणी झाली ती कधीकाळच्या पतंगांची! माझ्या मते पूर्वकर्माच्या कचेरीची लोकप्रियता येथेच आहे. या जन्मीच्या अपराध्याचे प्रकरण तिकडे वर्ग करता येते, आणि सोसणाराच आरोपी ठरतो. शेजाऱ्याच्या हालांकडे पाहून 'पूर्वजन्मीचे भोग' असे पुटपुटणाऱ्या सज्जनास शेजाऱ्याच्या मदतीस जावे लागत नाही, आणि चुलतभावास रुपये परत करावे लागत नाहीत.

म्हणून माझी सूचना एवढीच, की पूर्वजन्मांचे दप्तर अवश्य उघडावे, पतंगांचे जबाबही खुशाल नोंदवावेत. मात्र तत्पूर्वी राजाच्या शिपायांची साक्ष व्हावी, आणि मागल्या जन्मी मी चुलतभावाचे देणे लागत असेन, तर त्याची माझ्या सहीची चिठ्ठी त्याने हजर करावी.