तांब्यावरचं नाव

नाव ठेवायला एक आत्या पुरते; नावं ठेवायला मात्र सगळी आळी लागते. बाराव्या दिवशी आत्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, बायका घुगऱ्या खातात आणि ज्याचं नाव ठेवलं तो दुधासाठी रडत असतो. त्याचं मत कुणी विचारत नाही. पुढे मात्र ते नाव काढायची, राखायची आणि निदान घालवायची नाही, ही सगळी जबाबदारी त्याच्यावरच.

माझ्या नावाची जबाबदारी मी बरी सांभाळली होती, असं मला वाटत होतं. पण पासबुकावर त्यात एक इंग्रजी 'ए' जास्त निघाला आणि पॅनकार्डावर एक कमी. काउंटरवरचा मुलगा थंडपणे म्हणाला, "काका, ही दोन वेगळी माणसं आहेत." घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "मी केव्हापासून तेच म्हणतेय."

एकच आहे हे सिद्ध करायला जुने दाखले हवे होते. माळ्यावर चढलो. दाखले मिळाले नाहीत. हाती लागला आजीचा पितळी तांब्या.

पूर्वी भांड्यांच्या दुकानातच नाव घालून मिळायचं. कारागीर टोचणीवर हातोडीचे हलके ठोके देत टिंबाटिंबांनी अक्षर उमटवायचा. तांब्याच्या गळ्याखाली तशीच टिंबं होती. उजेडात तिरका धरून वाचलं : 'चि. सौ. कां.', मग चिंच-राखेनं घासून गुळगुळीत झालेली जागा, मग 'दा हिस मामांकडून'. यशोदा? नर्मदा? शारदा? गोदा? आम्हाला माहीत असलेल्या आजीच्या नावात 'दा' कुठेच नव्हता.

म्हणजे आजोबांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि जुनं माहेरी राहिलं. पुढे नवंही फारसं लागलं नाही. ती वहिनी झाली, काकू झाली, अमक्याची आई झाली. आजोबांचं नाव ती उखाण्यात तरी घ्यायची. आजोबांनी सगळा संसार 'अगं'वर काढला. वडिलांना फोन केला. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आईचं आधी वेगळं नाव होतं?"

बाईच्या नावाबाबत आपण असेच सैल. काहींच्या वाट्याला तर पाळण्यातच 'नकुशी' आलं. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं मिळाली. हाक मारली की आपण नको होतो हे आठवावं, अशा नावानं त्या तोवर शाळेच्या हजेरीला 'हजर' म्हणत होत्या.

उलट उदाहरणही आहे. गजानन शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. स्वतःचं नाव असं बदललेल्या या कवीनं टोपणनाव घेतलं ते धाकट्या बहिणीचं, कुसुमचा अग्रज म्हणून. कुसुमाग्रज म्हणताना आपण तिचंही नाव घेतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आता सरकारलाही सुचलं आहे : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत त्यांच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. आजीला हे वाचून गंमत वाटली असती. कुठलं लिहू, असंही तिनं विचारलं असतं.

माझ्या 'ए'चा निकाल प्रतिज्ञापत्रानं लागला. मी आता कायद्यानं एकच माणूस आहे. आजीच्या 'दा'चा मात्र लागायचा नाही. तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. तुमच्या घरात अशी कुणी आजी अजून असेल, तर आज चहाच्या वेळी तिला तिचं पाळण्यातलं नाव विचारा आणि एकदा त्या नावानं हाक मारून बघा.