ई. कोलाय यांस अनावृत पत्र

रत्नागिरी जिल्ह्यातल्या, सड्याच्या पायथ्याशी वसलेल्या एका वाडीतून,

तीर्थरूप ई. कोलाय यांच्या चरणी साष्टांग नमस्कार, वि. वि.

पाणी तपासणीचा प्रयोगशाळेचा कागद आला. आपण सहकुटुंब आमच्या झऱ्यावर मुक्कामाला आहात, हे त्यावरून समजले. 100 मिलिलिटर पाण्यात आपण एकही सापडू नये, असे भारतीय मानक म्हणते. मानक दिल्लीत राहते, त्याला कोकणातला पाहुणचार काय ठाऊक!

आपले मूळ घर माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात. 1885 साली थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या विष्ठेत आपल्याला हुडकले. त्या घरापासून आमच्या झऱ्यापर्यंतचा प्रवास आपल्याला सुखाचा व्हावा म्हणून वाडीने किती मेहनत घेतली, ते आपल्या कानी घालावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याच्या भोकाभोकांतून मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीवर अडते आणि उताराला झरा होऊन बाहेर पडते. डोंगरातून आले म्हणून आम्ही ते शुद्ध मानतो, आणि शुद्ध मानल्यावर त्याच्याकडे बघायचे कारणच उरत नाही. पहिल्या पावसात नळाला तांबडे पाणी येते. सड्यावरची माती ज्या वाटेने इतक्या झटपट खाली उतरते, तीच वाट आम्ही आपल्यालाही मोकळी ठेवली आहे. वरच्या अंगाला नवी घरे झाली. त्यांचे शोषखड्डे बरोबर झऱ्याच्या डोक्यावर. झऱ्याभोवतीच्या कुंपणाचे चिरे कुणाकुणाच्या गडग्यात गेले. आता गुरे थेट उमाळ्यापर्यंत येतात, आणि ती फक्त पाणी पिऊन परततात असे नाही. पावसाचे वाहते पाणी बाजूला काढायला वर एक चर होता. तो बुजला. उकरायचा कोणी, यावर ग्रामसभेत रंगलेली चर्चा त्या चरापेक्षा खोल गेली होती.

झऱ्याच्या तोंडाशी बांधलेल्या टाकीचे झाकण शिमग्यात कुठे गेले, ते पालखीलाच ठाऊक. ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही. बेडूक त्याच वाटेने ये-जा करतात. टाकीतून पाणी विजेशिवाय, नुसत्या उतारावर घरोघर पोचते. पंप नाही, बिल नाही. फुकट मिळते त्याची निगा राखणे आमच्या स्वभावात नाही, हे आपण ओळखलेच असेल.

पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीला भिऊ नये. ताज्या पावडरीत साधारण एक-तृतीयांश क्लोरीन असते खरे, पण आम्ही पोते उघडे ठेवतो, तेही दमट कोपऱ्यात. क्लोरीन आपोआप उडून जाते. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर बादलीत कालवायची, वरची निवळ काढून टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचे, मग वाडीच्या शेवटच्या नळावर क्लोरीन उरले आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट करून पिवळा रंग बघायचा, असा नियम आहे. आमच्याकडे पिवळा रंग थेट वहीत उमटतो, महिन्याभराचा एकाच बसणीत. गढूळ पाण्यात क्लोरीनचा जोर मातीवरच खर्ची पडतो आणि आपण कणाआड सुरक्षित राहता. म्हणूनच वाळूच्या गाळणीचा खर्च आम्ही दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलतो.

गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याने मुंबईहून आरओ यंत्र आणले. पाण्यातले क्षार काढणे हे त्याचे मुख्य काम. जांभ्यातल्या आमच्या पाण्यात क्षार आधीच बेताचे, तरी ते यंत्र वीज असेल तेव्हा भरल्या घरचे अर्धेअधिक पाणी अंगणात ओतत बसते. बाकीच्या घरांत पाणी फडक्याने गाळून पितात. फडक्यातून आपण सहज जाता, हे वेगळे सांगायला नको. उकळून प्या म्हटले की म्हाताऱ्या विचारतात, तीर्थ कधी कोणी उकळते काय?

आपल्यापैकी बहुतेकजण स्वभावाने गरीब आहेत, हेही ऐकून आहोत. पण आपण जिथून आलात, तिथूनच त्याच वाटेने विषमज्वर, कॉलरा आणि कावीळही येऊ शकते. तेव्हा बरोबर कोण कोण आहे, ते एकदा कळवले असते तर अंथरुणे मांडायला बरे पडले असते.

एक वाईट बातमी आहे. पाण्यात पावडर टाकून वही भरणाऱ्या जलसुरक्षकाच्या जागी आता वाडीतलीच एक सून आली आहे. तिने पोते फेकून हवाबंद डबा आणवला. शेवटच्या नळावर रंग दिसल्याशिवाय ती वहीत सही करत नाही. झाकणाचे माप घेऊन गेली, आणि कालपासून चर उकरायला माणसे मागते आहे. समितीने तिला सबुरीचा सल्ला दिला. ती ऐकेल असे वाटत नाही. तिचे धाकटे मूल गेल्या पावसाळ्यात सलाइनवर होते.

कळावे, लोभ असावा.

आपली कृपाभिलाषी,
वाडीची पाणीपुरवठा समिती

ता. क. : पत्रोत्तराची तसदी घेऊ नये. आपली मागची उत्तरे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जुलाबाच्या रजिस्टरात जपून ठेवली आहेत.