बिनतारी यंत्रासह लातूरप्रवास

नांदेडहून लातूरला जाणाऱ्या मनुष्याजवळ काही तरी सबळ कारण असावे लागते. निव्वळ हवापालटासाठी भर उन्हाळ्यात गोदाकाठ सोडून बालाघाटाच्या तापलेल्या पठारावर चढणारा प्रवासी निदान माझ्या पाहण्यात नाही. कोणी चिरंजीवांना शिकवणीत घालावयास जातो, कोणी आडतीतून तुरीची पट्टी वसूल करावयास जातो, कोणी सोयरिकीची बोलणी उरकावयास जातो. २०१६ च्या एप्रिलात मी गेलो तो मात्र यांपैकी कोणत्याही प्रतिष्ठित कारणासाठी नव्हे, तर तळहातावर मावणारा एक वायफायचा डोंगल, ज्याला खोक्यावर ‘वायरलेस अडॅप्टर’ असे भारदस्त नाव छापलेले असते, तो माझ्या दाजींच्या हवाली करण्यासाठी.

लातुरास माझी बहीण दिली आहे. सोळा रस्ते जिच्यापाशी येऊन मिळतात त्या गंजगोलाईच्या आसपास दाजींचे वडिलोपार्जित घर असून, त्याचा पुढचा भाग सिमेंटकाँक्रीटचा व मागचा भाग जुन्या काळ्या दगडाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सारा मुलूख हादरला तेव्हा पुढची बाजू खचली म्हणून ती नवी बांधावी लागली. परंतु मधली हातभराहून अधिक रुंदीची भिंत तसूभरही हलली नाही, आणि तेव्हापासून त्या भिंतीला घरात एखाद्या ज्येष्ठ आप्ताचा मान आहे. दूरध्वनीची तार आणि तिला जोडलेला राऊटर भिंतीच्या अलीकडे, बैठकीत. भाच्याचा संगणक भिंतीच्या पलीकडे, मागच्या खोलीत, कारण लातुरात बारावीच्या विद्यार्थ्याच्या एकांताला घरातील देवघराइतकेच पावित्र्य असते. मधून तार ओढली असती तर हे सारे प्रवासवर्णन लिहिण्याची वेळच आली नसती, आणि मी तसे सुचवलेही होते.

“भूकंपाला जी भिंत बधली नाही,” दाजी फोनवर म्हणाले, “तिला तुमच्या वायरीसाठी मी भोक पाडू व्हय?”

असा डोंगल लातुरात मिळत नाही असे कोणी समजू नये. लातुरात पाण्याखेरीज त्या वर्षी सर्व काही मिळत होते. परंतु मेव्हण्याने आणलेल्या वस्तूची किंमत मेव्हण्याशीच हुज्जत घालून कमी करता येते, ही सोय गावातल्या दुकानदाराकडे नसते, आणि दाजींचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या आडतीतला.

वजिराबादच्या बाजारात संगणकाच्या दुकानात शिरलो तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने माझ्यापुढे तीन जातींची यंत्रे मांडली. पहिली नखाएवढी, तिला तो ‘नॅनो’ म्हणत होता. दुसरी दोन शिंगांसारख्या अँटेना उभारलेली. आणि तिसरी म्हणजे संगणकाचे झाकण उघडून आतल्या पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेत बसवावयाचे कार्ड. कार्ड सर्वांत भरवशाचे, असे त्याचे मत पडले, व ते खोटे नव्हते. परंतु त्या कार्डाच्या अँटेना संगणकाच्या पत्र्याच्या पेटीमागे येतात, आणि दाजींच्या घरी ती पेटी पाठीमागून भिंतीला टेकवलेली असल्यामुळे अँटेनांना एका बाजूस पत्रा व दुसऱ्या बाजूस काळा दगड अशी कैद घडली असती. नॅनोचा गुण असा की ते कोणाला दिसत नाही, आणि दोष असा की बैठकीतल्या राऊटरलाही ते दिसण्याची शाश्वती नसते.

तेव्हा त्याने ‘६००’ असा ठसठशीत आकडा छापलेले चौथे खोके काढले. हे खोके हाती घेऊन मी भारावून जाणार एवढ्यात शेजारी प्रिंटरची शाई घेण्यास आलेले एक वृद्ध सरदारजी, ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती गुरुद्वाऱ्याच्या परिसरात असून ज्यांची मराठी माझ्या भाच्याहून निश्चितच शुद्ध होती, मला म्हणाले, “साहेब, हा आकडा एक नाही, दोन आहेत. ह्याला आधी बेरीज विचारा.”

बेरीज विचारली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दीडशे आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चारशे तेहेतीस, मिळून पाचशे त्र्याऐंशी, आणि ग्राहकाच्या सोयीसाठी पूर्णांक सहाशे. आता यंत्र एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर बोलते. म्हणजे ज्या बेरजेचे दोन्ही अंक कधीच एकत्र येत नाहीत तिची रक्कम खोक्यावर छापण्याची ही पद्धत निजामाच्या अमदानीतल्या एखाद्या पेशकाराने सारावसुलीच्या तक्त्यात वापरली असती तर त्याची चौकशी झाली असती. शिवाय दाजींचा राऊटर जुना, केवळ २.४ चा, तेव्हा त्यांच्यापुरते ते चारशे तेहेतीस मेगाबिट वजिराबादेतच राहणार होते. “आणि भिंत केवढी आहे?” सरदारजींनी विचारले. मी हात पसरून दाखवला. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण जाड भिंतीपुढे ती २.४ हून लवकर हात टेकते, एवढे सांगून त्यांनी दोन अँटेनांच्या तीनशेच्या खोक्याकडे बोट केले व आपली शाई घेऊन ते निघून गेले. दुकानदाराने त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे ज्या नजरेने पाहिले ती मी येथे नोंदवीत नाही.

या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या पिढीने नभोवाणीचा संच घरात ठेवण्यासाठी टपाल कचेरीत परवान्याची रक्कम इमानेइतबारे भरली, तिच्या दृष्टीने घरातल्या पोराने बिनपरवाना लहरी फेकणे हा थेट सरकारच्या अधिकारावर दरोडा होय. १९३३ च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्याने असे यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच मुळी गुन्हा ठरवलेला. पुढे २००५ साली सरकारने हा पट्टा परवानामुक्त केला, आणि तेव्हापासून राऊटर, ब्लूटूथ आणि अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व मंडळी एकाच पट्ट्यात, एकमेकांच्या पायावर पाय देत, गुण्यागोविंदाने नव्हे पण कायदेशीरपणे नांदत आहेत. या यंत्रांचे मूळ शिस्तपत्रक, ज्याला तंत्रज्ञ ८०२.११ या आकड्याने ओळखतात, १९९७ चे; माझ्या खोक्यातले यंत्र त्याच्या २००९ च्या ‘एन’ नामक सुधारणेप्रमाणे चालणारे होते. आकडा तीनशेचा असला तरी तो दोन यंत्रांमधल्या हवेतल्या दुव्याचा परमोच्च वेग. हाती पडतो तो फार तर निम्मा. आणि दाजींच्या दूरध्वनीच्या तारेतून घरात मुळी दोनच मेगाबिट येत होते, हा हिशेब मी बसमध्ये बसल्यावर केला व प्रवासात करमणुकीस पुष्कळ साहित्य मिळाले.

नांदेड-लातूर हा रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर असा जातो, आणि एप्रिलातल्या दुपारी एसटीच्या खिडकीतून येणारा वारा हा वारा नसून भट्टीचा उच्छ्वास असतो. लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. येथील खंडोबाची मार्गशीर्षातली यात्रा घोड्यांच्या, गाढवांच्या आणि उंटांच्या बाजारासाठी विख्यात असून, तिथे जनावर पारखण्यात हयात घालवलेले एक पागोटेवाले गृहस्थ नेमके माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी खोके मागून घेतले, चारही बाजूंनी फिरवले, आतल्या यंत्राच्या दोन्ही अँटेना कान ओढावेत तशा ओढून पाहिल्या आणि विचारले, “ह्येचं वय काय?” मी म्हणालो, नवे आहे. “नवं म्हनून समदेच इकत्यात,” ते म्हणाले, “पाठीवर डाग हाय का बघा.”

मी यंत्र उलटे केले, आणि पाठीवर खरोखरच बारीक अक्षरांत ‘आवृत्ती ३’ असा शिक्का होता. या शिक्क्याचे माहात्म्य मला ठाऊक होते. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच खोक्यातल्या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत एका कारखान्याची चिप असते व दुसरीत अगदीच परक्या कारखान्याची. नाव तेच, कूळ निराळे. आणि पहिलीसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसरीला ओळखही देत नाही. अहमदपुरास उतरताना गृहस्थांनी खोके परत केले व “दात बघाया पायजे हुते” असा शेरा दिला.

लातुरात उतरलो तो आठवडा पाणी पाहण्याचा होता. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेची पहिली गाडी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली होती. टाक्यांपाशी जमाव होऊन दंगा होऊ नये म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लागले होते. आणि घरोघर, ओसरीवर, बोळात, जिन्याखाली, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे निळी पिंपे रांगेने उभी होती. दाजींकडे त्यांचा तळ बैठक आणि मागची खोली यांमधल्या दारापाशी पडला होता, पिंपावर घागर आणि घागरीवर कळशी. चहाबरोबर पाण्याचा पेला आला तो मी संकोचाने अर्धाच प्यालो.

मग स्थापना सुरू झाली. खोक्यातून ड्रायव्हरची तबकडी निघाली; परंतु संगणकाचा तबकडीचा कप्पा दोन वर्षांपासून उघडत नव्हता, कारण भाच्याच्या मते तबकड्यांचा जमाना संपला होता. ड्रायव्हर उतरवून घ्यावा तर त्यासाठी नेट पाहिजे, आणि नेट यावे तर त्यासाठी ड्रायव्हर पाहिजे. दाखल्यासाठी अर्ज आणि अर्जासोबत दाखला मागणाऱ्या कचेऱ्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्या दाजींना ही अडचण तात्काळ समजली, आणि एवढ्या नव्या विद्येत आपल्या तहसिलीची रीत पाहून त्यांना मनापासून समाधान वाटले. “मामा, तुमचा मोबाईल द्या,” भाचा म्हणाला, व तो तारेने संगणकाला जोडून त्याने माझ्या मोबाईलचे नेट संगणकात घेतले. यंत्राच्या पाठीवरची आवृत्ती पाहून नेमका त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर उतरला, आणि त्याबरोबर माझा महिन्याचा डाटाही उतरला.

पडद्यावर नावांची यादी झळकली. समोरच्या वाड्यातला राऊटर खिडकीवाटे पूर्ण काड्या देत होता. घरचा, जो पंधरा पावलांवर होता, तो दोन. पासवर्ड दाजींनी सातबाराच्या उताऱ्यांसोबत पोलादी कपाटात ठेवला होता व तो वाचून न दाखवता स्वतः टंकण्याचा त्यांनी आग्रह धरला. रात्री भाच्याने भौतिकशास्त्राचा एक धडा अखंड पाहिला. सकाळी मात्र एकही काडी उरली नाही.

राऊटर बंद करून चालू केला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, अँटेना उभ्या केल्या, आडव्या केल्या. दुपारनंतर काड्या आपोआप आल्या, संध्याकाळी वाढल्या, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा नाहीशा झाल्या. या ऋतुचक्राचा उलगडा ना भाच्याला झाला ना मला; तो ताईने केला, आणि तोही स्वयंपाकघरातून, मान वर न करता.

“दादा, टँकर पहाटेच येतो की,” ती म्हणाली. “पिंपं भरली की जातंय, सरली की येतंय. परवापासून बघायले मी.”

वस्तुस्थिती अशी की २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची असून पाणी तिचे आकंठ शोषण करते. रिकामे प्लास्टिकचे पिंप तिला हवेसारखेच असते, भरलेले पिंप हे तिच्यापुरते धरण. काळी भिंत तिला आत येऊ देत नव्हती, एकच दार होते, आणि त्या दारात लातूरची सर्वांत मौल्यवान वस्तू रांगेने उभी होती. दाजींनी तर या शोधाचा लगेच उपयोग करून घेतला: पलंगावरून न उठता “किती काड्या हायत रे?” असे विचारले की पिंपांत किती पाणी उरले याची रुजुवात होऊ लागली. पिंपे हलवण्याची माझी दरखास्त मात्र एकमताने नामंजूर झाली, आणि त्या वर्षीचे लातूर पाहता ती नामंजूर होणेच रास्त होते.

मग यंत्रच हलवले. यूएसबीची वाढीव तार पाच मीटरपर्यंत विनातक्रार चालते. गंजगोलाईतून दीड मीटरची आणली, आणि दारावरच्या झरोक्यात, घागरी-कळश्यांच्या डोक्यावरून सरळ राऊटर दिसेल असे ते यंत्र सुतळीने बांधले. भिंतीला खिळा मारावा लागला नाही, हे दाजींनी स्वतः उभे राहून पाहिले. काड्या चार आल्या आणि टँकर आल्यावरही चारच राहिल्या. फक्त ताईला पिंपात वाकून पाणी पाहण्याची जुनी तसदी पुन्हा पत्करावी लागली. किमतीपैकी शंभर रुपये दाजींनी ‘आवृत्ती तिसरी’ या सबबीवर कापून घेतले.

ज्या वाचकांचे घर जुन्या दगडाचे आहे त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी राऊटर, भिंत, दार आणि पिंपे यांचा नकाशा एका कागदावर काढावा, दोन अँटेनांचे साधे यंत्र आणि एक वाढीव तार घ्यावी, व ड्रायव्हर घरून निघण्यापूर्वीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. खोक्यावर सहाशेचा आकडा दिसल्यास दुकानदाराकडून त्याची बेरीज मांडून घ्यावी, आणि घरचा राऊटर ५ गिगाहर्ट्झचा नसेल तर त्यातून चारशे तेहेतीस वजा करूनच पैसे मोजावेत.